परदेशातला पहिला करार : बेळगाव-खानापुरातून निघणाऱ्या फुटबॉलपटूंसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात फुटबॉल खेळणारी मुले आणि त्यांचे पालक मला वारंवार विचारतात की युरोपात खेळायला जायचे कसे. मी खानापूर तालुक्यातला. बेळगावच्या मराठी शाळेत शिकलो, शालेय स्पर्धा आणि लेले मैदानावरचे सामने खेळत मोठा झालो, पुढे गोव्यात काही हंगाम काढले आणि आता पोर्तुगालच्या चौथ्या श्रेणीतील एका क्लबकडून उजव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळतो. पहिल्या करारापासून दुसऱ्या हंगामापर्यंतच्या काळाबद्दलच येथे लिहीत आहे, कारण परदेशात टिकणे किंवा परत येणे हे बहुधा याच काळात ठरते.

माझे मत आधी सांगतो. पहिला क्लब निवडताना त्याचे नाव, त्याचे स्टेडियम किंवा तो कोणत्या श्रेणीत आहे हे पाहण्याआधी, तेथे आपल्या जागेवर खेळणारे किती जण आहेत आणि आपल्याला प्रत्यक्ष किती मिनिटे मैदानावर मिळण्याची शक्यता आहे, हे पाहावे. वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूचा एक हंगाम राखीव बाकावर गेला, तर पुढच्या क्लबला दाखवायला त्याच्याजवळ सामन्यांचे चित्रीकरण उरत नाही, आणि परदेशी खेळाडूला पुढचा करार त्या चित्रीकरणावरच मिळतो.

आपल्याकडच्या मोठ्या खेळाडूंच्या वाटचालीकडे या नजरेने पाहावे. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी या क्लबकडे गेला. तो क्लब तेव्हा इंग्लंडमधील तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, आणि भुतिया तेथे २००२ पर्यंत राहिला. सुनील छेत्री २०१२ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या ब संघात दाखल झाला. क्लब नावाजलेला होता, पण त्याला मोजकेच सामने मिळाले आणि पुढच्याच वर्षी तो लोनवर, म्हणजे तात्पुरत्या बदलीवर, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला, ज्यांनी त्या हंगामात आय-लीग ही तेव्हाची देशातील सर्वोच्च लीग जिंकली. गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबमध्ये गेला, दीर्घकाळ राखीव गोलरक्षक म्हणून थांबला आणि २०१६ मध्ये युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळणारा पहिला भारतीय ठरला. इतके थांबणे गोलरक्षकाला परवडते, कारण त्याची कारकीर्द उशिरापर्यंत चालते. विंगवर किंवा आघाडीला खेळणाऱ्याला ते परवडेलच असे नाही. मुलींच्या बाबतीत बाला देवीने जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सशी करार केला, तर मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉन संघाकडून महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. सायप्रसची लीग लहान समजली जाते, तरी त्या लहान लीगमधूनच तिला युरोपातील सर्वोच्च स्पर्धेचे मैदान मिळाले, हे आपल्या मुलींनी अवश्य ध्यानात घ्यावे.

माझ्यासमोर दोन पर्याय होते. एका मोठ्या क्लबच्या राखीव संघात जागा होती, पण उजव्या बचावाला तेथे आधीच तिघे होते; दुसरीकडे चौथ्या श्रेणीतील लहान गावाचा क्लब होता, ज्याचा उजवा बचावपटू नुकताच सोडून गेला होता. घरी यावर बरीच चर्चा झाली. बाबांनी शेवटी एवढेच विचारले, “रविवारी तू मैदानात असशील कुठे?” त्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या क्लबच्या बाजूने स्पष्ट होते.

आता नियमांकडे वळू, कारण फसवणूक होते ती नियम ठाऊक नसल्यामुळे. फिफाच्या नियमांप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी करता येत नाही. याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असणे हा एक आहे, आणि सोळा ते अठरा वयोगटाची सवलत युरोपीय संघाच्या हद्दीतल्या बदल्यांसाठी आहे. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला “युरोपियन क्लबमध्ये घेतो” असे सांगून लाखो रुपये मागणारा माणूस फार तर एखाद्या खासगी अकादमीत शुल्क भरून प्रवेश मिळवून देत असतो. अकादमीत शिकणे वाईट नाही, परंतु त्याला करार म्हणू नये आणि त्यासाठी शेत गहाण ठेवू नये. एजंटसाठी फिफाची परीक्षा आणि परवाना २०२३ पासून पुन्हा सक्तीचा झाला असून परवानाधारकांची यादी सर्वांना पाहता येते. प्रतिनिधित्वाचा करार दोन वर्षांहून अधिक काळाचा असू शकत नाही, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही.

अठरा वर्षांच्या आतल्या वर्षांत करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि आपला भाग त्या दृष्टीने भाग्यवान आहे. एका अंगाला कोल्हापूर आहे, जेथे पेठापेठांतील तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि जेथून अनिकेत जाधवसारखा खेळाडू २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत पोहोचला. दुसऱ्या अंगाला चोर्ला घाटापलीकडे गोवा आहे, जेथील वयोगटांच्या स्पर्धांमध्ये आठवड्याला नियमित सामना मिळतो. राज्य संघासाठी आपला रस्ता बंगळुरूकडून जातो. मार्च २०२३ मध्ये कर्नाटकाने रियाधला झालेल्या अंतिम सामन्यात मेघालयाला हरवून तब्बल ५४ वर्षांनी संतोष करंडक जिंकला, त्यामुळे त्या संघाकडे आता क्लबांचे लक्ष असते. खेळण्याची पातळी वाढवण्यासाठी मी गोव्याला पहिली पसंती देईन. तेथे चेंडू जमिनीवरून, कमी स्पर्शांत खेळवण्याची जी सवय लागली, तीच मला पोर्तुगालमध्ये सर्वांत जास्त उपयोगी पडली.

कागदपत्रांच्या बाबतीत सीमाभागातील मुलांची अडचण थोडी वेगळी आहे. शाळेचा दाखला मराठीत, जन्माची नोंद कन्नडमध्ये, आधारवर नावाचे इंग्रजी स्पेलिंग तिसरेच, कुठे आडनाव आधी तर कुठे वडिलांचे नाव गळालेले, असा प्रकार घरोघरी दिसतो. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावी झाल्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर जन्मस्थळही वेगवेगळे उमटते. भारतात हे कसेबसे चालून जाते. परदेशी वकिलातीत आणि फुटबॉल संघटनेत मात्र प्रत्येक अक्षर जुळवून पाहिले जाते, कारण वयाची लबाडी हा या खेळातला जुना रोग आहे. म्हणून सोळाव्या वर्षीच सर्व कागदांवरचे नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ एकसारखे करून घ्यावे आणि मगच पासपोर्ट काढावा. जन्मदाखल्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात मान्य होणारा सरकारी शिक्का), पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र आणि भाषांतरे यांना अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो; बदल्यांची खिडकी, म्हणजे क्लब बदलण्याची ठरावीक मुदत, तेवढ्यासाठी उघडी राहत नाही.

क्लबने होकार दिल्यावर त्या देशाची फुटबॉल संघटना भारतीय फुटबॉल महासंघाकडे आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र मागते आणि ते आल्याशिवाय अधिकृत सामना खेळता येत नाही. यासाठी भारतातील आपली नोंदणी महासंघाच्या संगणकीय प्रणालीत बिनचूक असावी लागते. येथे बेळगावच्या क्लबचालकांशी संबंधित एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. खेळाडूने तेविसाव्या वाढदिवसाचे कॅलेंडर वर्ष संपण्यापूर्वी पहिला व्यावसायिक करार केला, तर बाराव्या वर्षापासून त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई मिळू शकते. शिवाय पुढे कराराच्या मुदतीत मोठ्या रकमेची बदली झाली, तर त्या रकमेतील पाच टक्के वाटा जुन्या क्लबांत विभागला जातो. नोव्हेंबर २०२२ पासून हे वाटप फिफाच्या क्लिअरिंग हाउसमार्फत (क्लबांमधील ही देणी हाताळणारी संस्था), खेळाडूच्या नोंदणीचा इतिहास पाहून होते. आपल्याकडची मुले बारा ते सोळा या वयात शाळेकडून आणि मंडळाकडून खेळतात, पण त्यांची नोंद कोठेच नसते. ज्या प्रशिक्षकाने पावसाळ्यात स्वतःच्या खर्चाने चेंडू आणले, त्याच्या मंडळाचे नाव त्या इतिहासात दिसत नाही, याचे मला मनापासून दुःख होते. क्लबची संलग्नता आणि मुलांची वार्षिक नोंदणी एवढ्याने हे टाळता येईल.

खेळाडूनेही या भरपाईचा विचार करावा, कारण युरोपात क्लबच्या वर्गवारीनुसार (ही लीगच्या श्रेणीहून वेगळी, खेळाडू घडवण्यावरच्या खर्चावरून केलेली) ती आकारली जाते : चौथ्या वर्गातील क्लबकडे गेल्यास भरपाई द्यावी लागत नाही, तर तिसऱ्या वर्गासाठी दर वर्षामागे ३०,००० युरो धरले जातात. अनोळखी भारतीय मुलासाठी इतका खर्च करायला लहान क्लब तयार होत नाही आणि बोलणी एकाएकी थांबतात. खेळाडूला मात्र वाटते की आपल्या खेळात काही उणे होते. चौथ्या वर्गाच्या क्लबपासून सुरुवात करणे याही दृष्टीने सोपे जाते.

करार वाचताना प्रथम पाहावे की तो व्यावसायिक करार आहे की हौशी नोंदणी. लेखी करार आणि झालेल्या खर्चापेक्षा अधिक मोबदला, या दोन्ही गोष्टी असतील तरच फिफा खेळाडूला व्यावसायिक मानते. पगाराचा आकडा कर कापण्यापूर्वीचा आहे की हातात पडणारा, राहण्याची खोली कोणाबरोबर आणि किती महिने, दुखापतीचा विमा कोण भरणार, परतीचे तिकीट कोणाचे, हे सारे करारात लिहून घ्यावे. “वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्यास” किंवा “कामाचा परवाना मिळाल्यास” करार लागू होईल, अशी अट फिफाच्या नियमांत चालत नाही. तपासणी आणि परवान्याची चौकशी क्लबने सहीपूर्वी करायची असते. दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी. तरीही पैसे आले नाहीत, तर योग्य कारणाने करार मोडण्याचा हक्क त्याला मिळतो आणि फिफाच्या न्यायाधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये आफ्रिकेतून आलेल्या एका सहकाऱ्याने हेच केले होते. त्याच्याकडे प्रत्येक महिन्याचा बँकेचा तपशील जपून ठेवलेला होता, म्हणून त्याचे काम झाले.

प्रत्यक्ष मैदानावरचे पहिले तीन महिने कठीण असतात, आणि त्याचे कारण बहुतेकांना वाटते तसे कौशल्यात नाही. चेंडू माझ्याकडे येण्याआधीच पुढचा पास ठरलेला असावा, ही तेथील अपेक्षा आहे. बेळगावला आणि गोव्यातही मी चेंडू पायात घेऊन मान वर करत असे. येथे तेवढ्यात अंगावर माणूस येतो. त्यामुळे चेंडू येण्यापूर्वी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहण्याची सवय मला नव्याने लावावी लागली, आणि ती सरावानंतर भिंतीवर चेंडू मारून, प्रत्येक वेळी मान वळवून, एकट्याने लावली. बचावपटूला आणखी एक गोष्ट शिकावी लागते. आपण माणसाच्या मागे धावत बचाव करतो, तर येथे चौघांची रांग चेंडूच्या जागेनुसार एकत्र सरकते. माझ्या बाजूला चेंडू नसताना मी किती आत यावे, हे प्रशिक्षक चित्रफितीवर थांबवून थांबवून दाखवत. येण्यापूर्वी वर्षभर आठवड्याला दोन सामने आपल्याच जागेच्या खेळाडूवर नजर ठेवून पाहिले, तरी यातील बरेचसे घरबसल्या शिकता येण्यासारखे आहे.

भाषेची चिंता करू नये, पण आळसही करू नये. मराठी, कन्नड आणि हिंदी कानावर घेत वाढलेल्या आपल्या मुलांना आणखी एक भाषा उचलणे जड जात नाही. मैदानावरच्या हाका आधी पाठ कराव्यात : रांग वर न्यायची तर ‘सोब’, आत सरकायचे तर ‘फेशा’, जवळ कोणी नाही हे सांगायचे तर ‘सोझिन्यु’. बचावपटूने ओरडले नाही तर प्रशिक्षक त्याला खेळवत नाहीत, मग तो कितीही चांगला असो. चौथ्या श्रेणीत अनेक सहकारी दिवसा नोकरी करतात आणि सराव संध्याकाळी असतो, म्हणून सकाळचे रिकामे तास भाषेच्या वर्गासाठी ठेवावेत. याच तासांत एकटेपणा अंगावर येतो, हेही खरे आहे.

जेवणाची फारशी अडचण पोर्तुगालमध्ये येत नाही, कारण तेथे भात आणि मासे भरपूर खातात. औषधांबाबत मात्र कडक राहावे. घरून आलेला काढा, ओळखीच्या वैद्यांची पुडी, जिममधील पावडर किंवा सर्दीचे साधे औषध, यांपैकी काहीही क्लबच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. उत्तेजक चाचणीत शरीरात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूचीच असते, आणि निषिद्ध पदार्थांची यादी दर वर्षी १ जानेवारीला बदलते.

पोर्तुगालचा हंगाम साधारण ऑगस्ट ते मे असा चालतो, त्यामुळे सुट्टी नेमकी आपल्या पावसाळ्यात येते. जूनमध्ये जांबोटी-कणकुंबीकडे तर मैदानावर पाय ठेवता येत नाही, आणि चिखलात वेगाने धावल्यास मांडीच्या मागच्या स्नायूला दुखापत होण्याचा धोका मोठा असतो. पहिला आठवडा पूर्ण विश्रांती घ्यावी, त्यानंतर बेळगावात कृत्रिम हिरवळीचे मैदान तासावर घेऊन धावण्याचा सराव आणि आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम करावा. क्लबने दिलेले वेळापत्रक पाळून त्याच्या नोंदी दर आठवड्याला तंदुरुस्ती प्रशिक्षकाला पाठवाव्यात, कारण जुलैत परतल्यावर पहिल्याच दिवशी धावण्याची चाचणी होते आणि सुरुवातीच्या सराव सामन्यांची निवड तिच्या निकालावरून केली जाते.