महागडे यांत्रिक घड्याळ दुरुस्तीला पाठवण्याआधी पंधरा दिवस घरी कसे तपासावे

लाखभर रुपयांचे घड्याळ मनगटावर आले की पहिल्या आठवड्यातच माणूस ते मोबाईलशी ताडून पाहतो आणि सेकंद काटा चार सेकंद पुढे दिसला की अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता मी समजू शकतो, परंतु दिवसाला चार-पाच सेकंद पुढे जाणारे यांत्रिक घड्याळ बिघडलेले नसते. दिवसाचे 86,400 सेकंद. त्यांत पाचांची चूक म्हणजे सतरा हजारांहून अधिक सेकंदांमागे एक सेकंद. ताशी 28,800 ठोके देणारे मशीन दिवसभरात जवळजवळ सात लाख ठोके देते आणि मागे-पुढे झोके घेऊन वेळ मोजणाऱ्या बॅलन्सच्या चाकाला हे सगळे एका बारीक हेअरस्प्रिंगच्या आधाराने करावे लागते. साधे सेलचे घड्याळ महिन्याला पंधरा सेकंदांच्या आसपास चुकते, म्हणून अचूकतेत ते पुढेच राहणार. तो मुकाबला यांत्रिक घड्याळाकडून अपेक्षू नये.

अपेक्षा कोणती धरावी, हे घड्याळासोबतच्या कागदावर लिहिलेले असते. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था मशीन पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि 8, 23 व 38 अंश सेल्सियस अशा तीन तापमानांत तपासते आणि सरासरी दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढ्या मर्यादेत असल्यास त्याला क्रोनोमीटर म्हणते. ही तपासणी केसमध्ये बसवण्याआधीच्या सुट्या मशीनची असते. रोलेक्स केसमध्ये बसवलेले घड्याळ पुन्हा तपासून 2 सेकंद मागे-पुढे अशी हमी देते, तर ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटर घड्याळांची मर्यादा 0 ते 5 सेकंद पुढे अशी आहे. घड्याळ मागे पडण्यापेक्षा किंचित पुढे असणे बरे मानले जाते, कारण पुढे गेलेल्या घड्याळाने गाडी चुकत नाही.

आपल्या मराठवाड्यात घरी तपासण्याला आणखी एक कारण आहे. लातूर, नांदेड, परभणी किंवा बीडमध्ये राहणाऱ्याला अशा अनेक ब्रँडांच्या अधिकृत सर्व्हिसिंगसाठी घड्याळ पुण्या-मुंबईला पाठवावे लागते. कित्येक आठवडे ते तिकडे राहते आणि ‘वेळ बरोबर दाखवत नाही’ एवढ्याच तक्रारीवर गेलेले घड्याळ ‘मर्यादेत आहे’ असा शेरा घेऊन परत येते. माझ्या एका घड्याळाचे असेच झाले, आणि त्यानंतर नोंदवहीशिवाय मी कोणतेही घड्याळ पाठवलेले नाही.

सुरुवात पूर्ण चावी देऊन करावी. ऑटोमॅटिक घड्याळ असले तरी, हाताने चावी देण्याची सोय असल्यास, तीस-चाळीस वेढे द्यावेत, कारण दिवसभर टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या हाताच्या हालचालीने घड्याळाला चालवणारी मुख्य स्प्रिंग पूर्ण भरेलच असे नाही, आणि ही स्प्रिंग सैल पडत गेली की बॅलन्सच्या चाकाचा झोका आखूड होऊन वेळ बदलते. नंतर सेकंद काटा बरोबर 12 वर येताच किल्ली बाहेर ओढावी. बहुतेक चांगल्या घड्याळांत काटा तिथेच थांबतो. मिनिट काटा नेमक्या रेघेवर आणावा आणि संदर्भाच्या वेळेचा सेकंद शून्यावर येताच किल्ली आत दाबावी. संदर्भ म्हणून राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची भारतीय प्रमाणवेळ उत्तम. रेडिओवरचे वेळेचे संकेतही चालतील, मात्र तोच कार्यक्रम मोबाईलच्या ॲपवर ऐकल्यास काही सेकंद उशिरा पोहोचतो, म्हणून ॲप टाळावे. संदर्भ शेवटपर्यंत एकच ठेवावा.

रोज एकाच वेळी, समजा सकाळी सात वाजता, फरक वहीत लिहावा आणि मधे घड्याळ अजिबात मिळवू नये. पहिल्या दिवशी +6, दुसऱ्या दिवशी एकूण +11, तिसऱ्या दिवशी +17 अशी नोंद आली, तर घड्याळ रोज पाच-सहा सेकंद पुढे जाते आणि ते निरोगी आहे. घड्याळजी ते सहज मागे आणू शकतो. उलट एका दिवसाची चाल +9, दुसऱ्या दिवसाची −7 असा लंबक हलत असेल, तर सरासरी एक सेकंद निघाली तरी घड्याळात दोष आहे. मला विचाराल तर रोजची चाल किती स्थिर आहे हे सरासरीहून कितीतरी महत्त्वाचे आहे, आणि खरेदी करताना याची चौकशी फार कमी लोक करतात.

आठवडाभराने रात्रीची स्थिती बदलून पाहावी. दोन-तीन रात्री डायल वर करून, पुढच्या दोन-तीन रात्री किल्ली वर करून कडेवर उभे ठेवावे. सपाट ठेवलेल्या घड्याळात बॅलन्सच्या दांड्याचे एक टोक टेकलेले असते. उभे केल्यावर दोन्ही टोकांच्या बाजू घासतात, झोका कमी होतो आणि चाल बदलते. कोणती स्थिती पुढे नेते व कोणती मागे, हे प्रत्येक घड्याळाचे वेगळे असते. एकदा ते कळले की दिवसा मिळवलेले तीन सेकंद रात्री योग्य कुशीवर ठेवून परत करता येतात. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि त्यात मला आजही आनंद वाटतो.

घड्याळ अचानक दिवसाला अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक पुढे पळू लागले, तर आधी चुंबकत्वाची शंका घ्यावी. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती जणू आखूड होते आणि ठोके लवकर पडतात. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार उचलणारे विद्युतचुंबक असतात. त्यांच्याजवळ काम करणाऱ्याने घड्याळ घरी ठेवावे. घरातही स्पीकर, टॅबलेटचे कव्हर आणि पर्सचे चुंबकी बटण यांपासून ते दूर असावे. साधे होकायंत्र सपाट ठेवून घड्याळ हळूहळू त्याच्या कडेने फिरवावे. एका ठरावीक जागी सुई वळते आणि घड्याळ दूर नेताच परत येते, असे वारंवार दिसले तर चुंबकत्व असण्याची दाट शक्यता आहे. ते काढणे काही मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी घड्याळ उघडावे लागत नाही.

मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो, तेव्हा मनगटावरच्या घड्याळाला फारसा त्रास होत नाही, मात्र दुचाकीच्या डिक्कीत किंवा कारच्या काचेखाली ते विसरू नये.

पंधरा दिवसांची वही तयार झाल्यावर तिची प्रत घड्याळासोबत द्यावी आणि टाइमग्राफर या चाल मोजणाऱ्या यंत्रावरच्या सर्व स्थितींतील आकड्यांचा कागद मागावा. पूर्ण चावीनंतर सपाट स्थितीत झोका 270 ते 310 अंशांच्या आसपास असेल तर केवळ चाल जुळवून भागते. तो 200 च्या खाली गेला असेल तर सर्व्हिसिंगच लागेल. मागचे झाकण उघडले गेले असल्यास पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी, आणि पावसाळा तोंडावर असेल तर तिचा आकडा लिहून मिळाल्याशिवाय घड्याळ ताब्यात घेऊ नये.