थंडीत बाथरूमची खिडकी बंद करू नका

निफाडचा पारा ५ अंशांच्या आसपास आला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि नाशिक शहरात बाथरूमच्या खिडक्या गच्च बंद होतात. आत गॅस गिझर असेल तर हे जिवावर बेतू शकतं. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, मळमळतं; माणूस म्हणतो, थंडी बाधली.

गिझर बाहेर बाल्कनीत बसवून घेणं उत्तम. तोवर बादली भरा, गिझर बंद करा, खिडकी उघडीच ठेवा आणि मगच आंघोळीला जा. शाळेच्या घाईत मुलं एकामागोमाग आंघोळ करतात, तेव्हा गिझर सतत चालतो. धोका तिथे जास्त. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर मेकॅनिकला बोलवा. (गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवा, गिझरवर नको!)

कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपणंही तितकंच घातक. कुणी आतून ओ देत नसेल तर दार तोडा, मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन लावा.