जिगवरचा रंग का निघायचा

इथे मिशिगनमध्ये बास मासे पकडायला मी शिसं वितळवून घरीच जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेले गळ, ओततो. पहिल्या खेपेचं पावडर कोटिंग, म्हणजे गरम जिगवर वितळवून चढवलेला पावडरीचा रंग, दिसायला झकास, पण दगडावर आपटलं की पोपडे!

दोष पावडरचा नव्हता. हीट गनने तापवलेला जिग पावडरीत बुडवला, चकचकीत झाला, की काम झालं असं मी समजायचो. तेव्हा पावडर नुसती वितळलेली असते, भाजून पक्की झालेली नसते. आता टोस्टर ओव्हनमध्ये टांगून १७५ अंश सेल्सिअसला २० मिनिटं ठेवतो. शिसं वितळतं ३२७ला, त्यामुळे धास्ती नाही. मात्र ओव्हनचा नॉब खोटं सांगतो. आत वेगळा थर्मामीटर ठेवल्यावर कळलं. दोरी ओवायचं भोक बुजू नये म्हणून गरम असतानाच त्यात सुई फिरवतो. हा ओव्हन कायमचा गॅरेजमध्ये. त्यात पाव भाजायचा नाही.