फिल्म एडिट झाली म्हणजे संपली नाही: शेवटच्या टप्प्यातल्या या चुका टाळा

स्वतःच्या पैशाने आणि नोकरीधंदा सांभाळून फिल्म करणाऱ्यांचं एक असतं, शूटिंगपर्यंत सगळे जोशात असतात, एडिट कसंबसं पार पडतं, आणि मग 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा फाइल्सच्या ढिगात फिल्म अडकून बसते. त्यातून बाहेर आलीच तर पहिल्या स्क्रीनिंगला आवाज कुठेतरी गायब, चित्र काळवंडलेलं, सबटायटल अर्धी तुटलेली. मूळ बहुतेक वेळा एकच असतं: करणाऱ्याने ती फिल्म फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःच्या हेडफोनवर बघितलेली असते, आणि लोक ती बघणार असतात भलत्याच जागी.

लॉक न करताच साउंड आणि कलरला हात घालणं

पिक्चर लॉक म्हणजे लॉक, त्यानंतर एडिटमधली एक फ्रेमही हलवायची नाही. साउंडवाल्याला एडिट पाठवलं आणि आठवड्याने 'फक्त त्या सीनमधले बारा फ्रेम काढलेत' असं म्हणालात, तर त्याच्या पुढचा सगळा साउंड बारा फ्रेम सरकला, ते जुळवत बसणं हे फुकटचं काम आणि बहुधा मैत्रीखात्यात करणाऱ्या माणसावर लादलेलं. म्हणून लॉक करायच्या आधीच दोन-तीन आठवडे फिल्म बंद करून ठेवा, मग एका बैठकीत, न थांबवता, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघा. जे कापायचंय ते तेव्हाच कापा.

आणि त्याआधी चार अनोळखी लोकांना दाखवा. अनोळखीच, कारण पर्सनल, म्हणजे स्वतःच्या घरादारावरच्या फिल्मची गोची अशी की तुम्हाला त्यातली सगळी माणसं माहीत असतात, फ्रेममध्ये कोपऱ्यात बसलेली बाई आत्या आहे हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही, पण प्रेक्षक ती शेजारीण समजून बसतो आणि पुढचा अर्धा तास त्याचा हिशोबच चुकतो. 'कशी वाटली?' विचारू नका, 'छान' याशिवाय काही हाती लागणार नाही. कोण कोणाचं कोण ते विचारा, कुठे कंटाळा आला, मोबाइल बघावासा कधी वाटला ते विचारा. खरं तर बोलण्यापेक्षा त्यांची चुळबूळ बघा. उपाय ते सुचवतील ते बहुतेक चुकीचे असतात, पण ते जिथे अडखळले ती जागा मात्र सहसा खरोखरच बिघडलेली असते.

फिल्ममध्ये घरचे लोक असतील तर त्यांना पब्लिक शोच्या आधी दाखवा आणि लेखी संमती घ्या. भर हॉलमध्ये पहिल्यांदा स्वतःला पडद्यावर बघून कुणी दुखावलं तर ते तुम्हाला कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करता येणार नाही.

'घरी तर आवाज मस्त होता'

सगळ्यात जास्त फिल्म्स इथे मार खातात. धूसर चित्र लोक चालवून घेतात, न समजणारे संवाद नाही घेत.

हेडफोनवर मिक्स केलं की डावा-उजवा आवाज थेट कानात जातो, खोलीचा घुमारा शून्य, त्यामुळे म्युझिकखाली दबलेला संवादही स्पष्ट ऐकू येतो. शिवाय तुम्हाला ते वाक्य पाठ असतं, मेंदू गाळलेल्या जागा आपोआप भरतो. हॉलमध्ये दोन्ही सोयी नाहीत. निदान एकदा साध्या स्पीकरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, आवाज बारीक ठेवून ऐका. संवाद कळत नसेल तर संवाद वाढवण्याआधी म्युझिक आणि अ‍ॅम्बियन्स (भोवतालचे आवाज) खाली आणा.

दुसरं, यूट्यूबसाठी केलेला मिक्स तसाच थिएटरला पाठवू नका. यूट्यूब आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणून ठेवतं, म्हणून लोक सगळं दाबून दाबून मोठं करतात. थिएटरची सिस्टीम मुळातच मोठ्या आवाजासाठी सेट केलेली असते, तिथे हाच मिक्स कानात टोचतो, मग प्रोजेक्शनवाला आवाज खाली ओढतो आणि त्याबरोबर हळू बोललेले सगळे सीन जमिनीखाली जातात.

तिसरं, नुसता स्टिरिओ. मधल्या रांगेत ठीक वाटतो, पण कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला पात्र मधोमध उभं आणि आवाज भिंतीकडून, असा प्रकार होतो. पूर्ण ५.१ (सहा चॅनलचा सराउंड आवाज) जमत नसेल तरी निदान संवाद सेंटर चॅनलला, म्हणजे मधल्या स्पीकरला जातील एवढं साउंडवाल्याकडून करून घ्या. ५.१ दिलंच तर चॅनलचा क्रम तपासा: डावा, उजवा, सेंटर, एलएफई (खोल, घुमणाऱ्या आवाजांचा), डावा सराउंड, उजवा सराउंड. हा क्रम चुकला की संवाद मागच्या भिंतीतून येतात.

सिंक हलतंय? आधी बघा, कसं हलतंय

सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच पुढे-मागे असेल तर तो नुसता ऑफसेट, साउंडफाइल सरकवली की झालं. यासाठीच टू-पॉप असतो, पहिल्या फ्रेमच्या बरोबर २ सेकंद आधी एका फ्रेमचा बीप, चित्रातही तिथेच खूण; शेवटालाही एक ठेवा म्हणजे दोन्ही टोकं जुळतायत का ते क्षणात कळतं.

पण सुरुवातीला ठीक आणि पुढे पुढे जास्त घसरत असेल तर फ्रेम रेटचा (सेकंदाला किती फ्रेम याचा) घोळ आहे. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे २३.९७६ आणि २४ मधला फरक. थिएटरसाठीची डीसीपी (थिएटरचा सर्व्हर चालवतो तो फाइल्सचा संच) साधारण पूर्ण २४ वर चालते. तुमचं एडिट २३.९७६ चं असेल आणि चित्र २४ वर नेलं पण आवाज तसाच राहिला, तर दर दहा मिनिटांना ०.६ सेकंद फरक पडतो, दीड तासाच्या फिल्मला शेवटी पाच सेकंदांहून जास्त. २५ वर शूट केलेलं २४ वर नेलं तर १०० मिनिटांची फिल्म १०४ मिनिटांची होते आणि आवाज जरासा जाड येतो, बऱ्याच जणांना हे पडद्यावर बघूनच कळतं. शूटच्या आधीच २४ ठरवलेलं असेल तर हे सगळं वाचतं.

आणि मोबाइलचं फुटेज! पर्सनल फिल्ममध्ये ते असतंच, आणि मोबाइल बहुतेक वेळा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू वेगळे होत जातात. एडिटला घेण्याआधीच हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून ते स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्या.

काळा रंग राखाडी दिसतोय, किंवा अंधारात काहीच दिसत नाही

पहिली केस बहुधा लेव्हल्सची, म्हणजे काळा-पांढरा कुठल्या आकड्यांवर धरलाय याची: फाइल व्हिडिओ रेंजमधली आणि पुढच्या सॉफ्टवेअरने ती फुल रेंज समजली. उलटं झालं तर सावल्या पार काळ्या होतात. ग्रेडिंग (रंग आणि उजेड जुळवणं) परत करत बसू नका, आधी एक्सपोर्ट आणि इम्पोर्टचं सेटिंग बघा. चेहरे विचित्र रंगाचे दिसत असतील तर कलर स्पेस (रंग मोजायची पद्धत) दोनदा बदललाय किंवा चुकीचा सांगितलाय. रेक ७०९ या टीव्ही-व्हिडिओच्या नेहमीच्या कलर स्पेसमध्ये ग्रेड केलं असेल तर डीसीपी करताना तेच सांगा, पुढचं एक्सवायझेड या डीसीपीच्या कलर स्पेसमध्ये रूपांतर सॉफ्टवेअर करतं.

दोन्ही बरोबर असूनही रात्रीचे सीन बुडत असतील तर मग ग्रेडिंगच तुमच्या चकचकीत लॅपटॉप स्क्रीनवर बसून झालंय. थिएटरचा पडदा साधारण ४८ निट्सचा (निट हे उजेडाचं माप), लॅपटॉप त्याच्या कितीतरी पट उजळ. अंधाऱ्या खोलीत, ब्राइटनेस उतरवून एकदा बघाच.

डीसीपी

डीसीपी-ओ-मॅटिकने घरी फुकट करता येते, घाबरण्यासारखं काही नाही. चित्राचे दोन आकार असतात: फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८० पिक्सेल, स्कोप म्हणजे जास्त रुंद, २०४८ बाय ८५८. चूक कुठे होते, तर 'सिनेमॅटिक' दिसावं म्हणून एडिटमध्येच वर-खाली काळ्या पट्ट्या लावलेल्या असतात आणि तीच फाइल फ्लॅटमध्ये टाकतात, मग पडद्यावर चारही बाजूंनी काळी चौकट आणि मधे बिचारी छोटीशी फिल्म. पट्ट्या काढा, खऱ्या स्कोपमध्ये बनवा.

एन्क्रिप्ट करू नका, म्हणजे डीसीपीला कुलूप लावू नका. त्याची चावी, म्हणजे केडीएम, ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. शो उशिरा सुरू झाला किंवा ऐनवेळी हॉल बदलला की फिल्म कुलपात. छोट्या फिल्मला हा थाट परवडत नाही. फोल्डरच्या आतल्या फाइल्सची नावं 'नीट दिसावीत' म्हणून बदलू नका, सर्व्हर त्याच नावांनी फाइल शोधतो. ड्राइव्ह ईएक्सटी २ किंवा ३ या लिनक्सच्या फॉरमॅटची द्या, घरच्या कॉम्प्युटरवरून नुसती कॉपी केलेली पेनड्राइव्ह काही सर्व्हर ओळखतच नाहीत.

देवनागरी सबटायटल असतील तर थेट चित्रातच बर्न करा. वेगळ्या फाइलने दिली तर काही ठिकाणी जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसतात. आणि पांढऱ्या भिंतीसमोर पांढरी अक्षरं वाचता येतायत का तेही बघून घ्या.

म्युझिक आणि फेस्टिव्हल

एडिट करताना तात्पुरतं म्हणून लावलेलं गाजलेलं गाणं महिनाभर ऐकलं की दुसरं काही चालेनासं होतं. पण त्याचे दोन वेगवेगळे हक्क लागतात, रचनेचे आणि रेकॉर्डिंगचे, एक मिळाला म्हणजे दुसरा मिळाला असं नाही. गायक ओळखीचा आहे हे उत्तर नव्हे.

फेस्टिव्हलला पाठवायची असेल तर उत्साहाच्या भरात आधी यूट्यूबवर टाकू नका, बऱ्याच ठिकाणी प्रीमियरची अट असते. ऑस्करच्या शॉर्ट फिल्म विभागात तर पात्र ठरण्याआधीच ऑनलाइन पब्लिक दाखवलेली फिल्म बाद होते, आणि तिथली लांबीची मर्यादा क्रेडिटसकट ४० मिनिटं. निवड समितीला पासवर्डवाली लिंक द्या, आणि ती लिंक सबमिट केल्यावर दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

शोच्या दिवशी

डीसीपी सर्व्हरवर चढवायलाच वेळ लागतो, त्यामुळे दहा मिनिटं आधी ड्राइव्ह घेऊन धावत जाणं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवणं. शक्य असेल तर आदल्या दिवशी द्या, आणि सुरुवातीची दोन मिनिटं, एक सगळ्यात अंधारा सीन, एक सगळ्यात हळू बोललेला आणि एक सगळ्यात कर्कश, एवढं हॉलमध्ये चालवून मागच्या रांगेतून बघा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज किंचित जास्तच ठेवा, माणसं भरली की ती आवाज खातात. लॅपटॉपवरूनच दाखवणार असाल तर नोटिफिकेशन, स्लीप, वायफाय सगळं बंद, चार्जर लावलेला. दुसरी कॉपी वेगळ्या ड्राइव्हवर आणि वेगळ्या माणसाकडे द्या, दोन्ही एकाच बॅगेत ठेवून काय उपयोग?

शो झाल्यावर डीसीपीलाच मास्टर समजून बाकीचं डिलीट करू नका. प्रोरेस ४२२ एचक्यू या उंच दर्जाच्या व्हिडिओ फॉरमॅटमधली एक कॉपी, टायटल आणि सबटायटल नसलेली एक, आवाजाचे संवाद-म्युझिक-इफेक्ट असे वेगवेगळे स्टेम्स आणि प्रोजेक्ट फाइल, हे सगळं दोन ड्राइव्हवर ठेवा आणि त्यातली एक घराबाहेर असू द्या. दुसऱ्या भाषेत सबटायटल करायची वेळ आली किंवा क्रेडिटमध्ये कुणाचं नाव चुकलेलं निघालं, आणि कुणाचं तरी चुकतंच, तर याच फाइल्स लागतात.