घरी फुल साइज कॅरम बोर्ड घेताना: दुकानात जाण्याआधी आणि दुकानात काय पाहायचं

टेप काढा आणि आधी खोली मोजा. नियमातल्या मापाच्या बोर्डाचा खेळायचा भाग ७४ सेंटिमीटर चौरस, म्हणजे साधारण २९ इंच असतो. त्याभोवती दोन्ही बाजूंनी साडेसहा-सात सेंटिमीटरची चौकट येते, म्हणून बाहेरून बोर्ड ८८ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. दुकानात सांगितलेलं माप बरेचदा बाहेरचं असतं, तेव्हा आतलं माप स्वतः घ्या. प्रत्येक खेळाडूला स्टूल आणि पाय ठेवायला पाऊण मीटर तरी लागतं. चौघं बसणार असतील तर आठ फूट बाय आठ फूट मोकळी जागा हवी. समोरासमोर दोघंच खेळणार असाल तर एका बाजूची रुंदी साडेचार फुटांवर भागते.

आता वर बघा. दिवा बोर्डाच्या बरोबर मध्यावर हवा, आणि हॉलमध्ये नेमका तिथेच पंखा असतो. पंख्याखाली पावडर उडते, बंद केला तर घामाचे हात बोर्डावर टेकतात. त्यामुळे पंख्याच्या थेट झोतातून बाजूची जागा निवडा आणि तिथे छताला हूक मारून शेडचा दिवा खाली सोडा. बल्ब डोळ्यांत येऊ नये आणि चारही पॉकेटं सारखी उजळावीत, इतक्या उंचीवर तो टांगा. भिंतीवरच्या ट्यूबने एका बाजूच्या चौकटीची सावली बोर्डावर पडते आणि कडेला चिकटलेली सोंगटी नेमकी कुठे आहे हे कळत नाही.

बोर्ड निवडताना सगळे 'किती एमएम' एवढंच विचारतात. ८ मिलिमीटरपेक्षा पातळ प्लाय घेऊ नका हे खरं. तो पोकळ वाजतो, मधे खचतो आणि स्ट्रायकर उडतो. पण जाडी आकड्यावर सोडू नका, पॉकेटच्या भोकात प्लायची कड उघडी दिसते, तिथे पट्टी लावून मोजा. जाडीपेक्षाही सपाटपणा महत्त्वाचा. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात बोर्डाच्या पृष्ठभागाला टेकवून दोरा ताणा. मधोमध दोऱ्याखाली व्हिजिटिंग कार्ड सहज सरकलं तर बोर्ड खोलगट आहे. दोरा मधे टेकून कोपऱ्याजवळ अधांतरी राहिला तर फुगलेला आहे. दोन्ही कर्णांवर तपासा. पाठीला आडव्या पट्ट्या घट्ट बसवलेल्या आहेत का, तेही बघा, कारण त्याच प्लायला वाकू देत नाहीत.

मग चौकट. लाकूड जड आणि घट्ट हवं. हलक्या, मऊ लाकडाच्या चौकटीवर रिबाउंड, म्हणजे आपटून परत येणं, मरतो. कोपऱ्यातल्या सांध्यात नखाची कड शिरली तर तो पावसाळ्यात आणखी उघडेल. बेसलाइनवरून, म्हणजे स्ट्रायकर ठेवायच्या रेषेवरून, जोरात मारलेला स्ट्रायकर साडेतीन वेळा तरी बोर्ड पार करायला हवा, आणि ही परीक्षा चारही बाजूंनी घ्या. एका बाजूला आवाज बद्द आला की चौकट तिथे सैल आहे. चारही पॉकेटांतून स्ट्रायकर टाकून पाहा. पॉकेटचा व्यास साधारण साडेचार सेंटिमीटर असतो, स्ट्रायकर कमाल ४.१३ सेंटिमीटर. अडकला तर तो बोर्ड सोडा.

स्टँड बोर्डाबरोबरच घ्या, त्यात कंजुषी नको. उंची ६३ ते ७० सेंटिमीटर. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर असतं, त्यावर बोर्ड ठेवला की खांदे वर चढतात आणि नेम चुकतो. घडीच्या स्टँडच्या फुल्या गुडघ्यांना लागतात का, हे दुकानातच बसून पाहा. गुळगुळीत टाइल्सवर पाय सरकतात, तेव्हा प्रत्येक पायाखाली रबरी टोपी लावा; सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही चालतो. घरी मांडल्यावर स्पिरिट लेव्हल (बुडबुड्याने सपाटी दाखवणारी पट्टी) दोन्ही दिशांनी ठेवा. जमिनीचा उतार स्टँडच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून काढायचा, बोर्डाखाली नाही. बोर्डाखाली घडी ठेवली तर वजन एका कोपऱ्यावर येतं.

सोंगट्या १९: नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. प्रत्येकी ५ ते साडेपाच ग्रॅम. पांढऱ्या नऊ आणि काळ्या नऊ एकावर एक रचून शेजारी ठेवल्या की जाडीतला फरक लगेच दिसतो. स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड नको, सोन्याच्या दुकानातल्या काट्यावर वजन होतं.

पावडर बोरिकची, चिमूटभर. चेहऱ्याच्या पावडरीतली सुगंधी द्रव्यं बोर्ड चिकट करतात. बोरिक पोटात जाणं धोक्याचं, म्हणून डबी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि खेळून झाल्यावर हात धुवायला लावा. बोर्ड कोरड्या सुती कापडानेच पुसायचा. ओल्या कापडाने कडेचा प्लाय फुगतो.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बोर्ड बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आतल्या भिंतीशी, कापडी खोळीत, जवळजवळ सरळ उभा ठेवा. फार तिरका टेकवला तर स्वतःच्याच वजनाने वाकतो. पाऊस लागला असताना खेळायच्या आधी पाऊण तास साधा फिलामेंटचा बल्ब बोर्डावर चालू ठेवा, ओल उतरते. एलईडीने प्रकाश मिळतो, पण ही ऊब मिळत नाही.