सामाजिक उद्योगांचा संघ उभारताना या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात सामाजिक हेतूने चालणारे उद्योग कमी नाहीत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करणारे बचतगट आहेत, विडी वळणाऱ्या घरांतील मुलींना हाताशी धरून गणवेश शिवणारी शिलाई केंद्रे आहेत, टॉवेल-चादरींच्या उरलेल्या कापडापासून पिशव्या करणारे गट आहेत आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीवर किंवा सांगोल्याच्या डाळिंबावर उभ्या राहिलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्याही आहेत. एकेकट्याने कार्यालयांचे उंबरठे झिजवण्यापेक्षा सर्वांनी मिळून बोलावे हे या सगळ्यांना पटते, आणि म्हणूनच अधूनमधून कोणीतरी ‘आपला संघ काढू या’ म्हणून बैठक बोलावते. अशा बैठकांना मी अनेक वर्षे जात आलो आहे, बहुतेक वेळा इतिवृत्त लिहिण्यासाठी. यांतील बरेच संघ वर्ष-दोन वर्षांत बोलेनासे होतात, आणि प्रत्येक वेळी कारणे जवळजवळ तीच असतात.

आधी नोंदणी, मग विचार

पहिल्याच बैठकीत नाव, बोधचिन्ह आणि अध्यक्ष ठरवण्याची घाई होते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसे जमली की संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते, आणि तेथून पुढे कार्यकारिणीत झालेला प्रत्येक बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. ज्यांचे आपसांत अजून काहीच ठरलेले नाही अशा सात जणांची कार्यकारिणी केली की पहिल्या मतभेदालाच दोन गट दोन वेगवेगळे बदल अर्ज घेऊन त्या कार्यालयात उभे राहतात, आणि मग खरा अध्यक्ष कोण या वादातच संघाची उमेद संपते.

अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेचे उदाहरण मी नवख्या मंडळींना नेहमी देतो. इला भट्ट यांच्या पुढाकाराने कष्टकरी स्त्रिया डिसेंबर १९७१ मध्ये जमल्या आणि नोंदणी एप्रिल १९७२ मध्ये झाली. तुमचा मालकच ठरलेला नाही, तर तुम्ही लढणार कोणाशी, असा आक्षेप कामगार खात्याने घेतला होता. संघटना कोणाच्या विरोधात असावीच लागत नाही, ती आपल्या एकजुटीसाठीही असते, असे उत्तर त्या देऊ शकल्या. कारण आपण कशासाठी एकत्र आलो आहोत हे त्यांचे आधीच ठरले होते. माझा आग्रह असा असतो की निदान एक काम एकत्र करून तडीस नेईपर्यंत संघाने साध्या ठराव-वहीवर चालावे. त्यानंतर संस्था, सहकारी संस्था की ना-नफा कंपनी, हा प्रश्न कामाच्या स्वरूपावरून आपोआप सुटतो. ज्यांना एवढा धीर नाही त्यांना लेटरहेड हवे असते, संघ नको असतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मागण्यांची जंत्री

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, आणि ती चांगली, कष्टाळू माणसेच करतात. काही वर्षांपूर्वी शहरातील चार बचतगट, दोन शिलाई केंद्रे आणि ग्रामीण भागातील एक उत्पादक कंपनी यांनी मिळून एका वरिष्ठ अधिकाऱ्यांची वेळ मिळवली. निवेदन कोणाचे मन दुखावू नये अशा बेताने लिहिले होते, म्हणजे ज्याने जे सांगितले ते त्यात घातले होते. मागण्या १९ झाल्या. स्वस्त कर्ज, औद्योगिक वसाहतीत भूखंड, वस्तू व सेवा करात सूट, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत मोफत गाळे, शालेय गणवेशाचे काम, वीजदरात सवलत, असे सगळे त्यात होते. अधिकाऱ्यांनी दोन्ही पाने नीट वाचली आणि विचारले, ‘यातली एकच या महिन्यात मार्गी लावायची झाली, तर कोणती लावू?’ त्यावर पाच जण एकदम बोलले आणि पाच वेगवेगळ्या मागण्या पुढे आल्या. चटणीच्या गटातील ताईंना गाळा हवा होता, शिलाई केंद्राला गणवेश हवे होते, उत्पादक कंपनीच्या संचालकांना भूखंड हवा होता. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडून निवेदन खाली गेले. असे निवेदन चार विभागांत फिरते आणि कोणत्याही टेबलावर त्याची जबाबदारी राहत नाही.

त्या यादीतली सोळावी मागणी थकीत बिलांची होती. उपस्थित सातही उद्योगांना लागू पडणारी ती एकमेव मागणी होती आणि तिच्यामागे कायदा उभा होता. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ होणारे व्याज लागते आणि अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. संघ बांधणाऱ्यांना तर याच कायद्यातील आणखी एक तरतूद पाठ असायला हवी: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा माल विकणारी कंपनी, सहकारी संस्था किंवा विश्वस्त संस्था हीसुद्धा ‘पुरवठादार’ या व्याख्येत येते. सदस्यांचा माल अशा नोंदणीकृत संघामार्फत विकला गेला, तर थकबाकीसाठी भांडायला एकेकट्या गटाला पुढे यावे लागत नाही.

पुढे याच मंडळींनी एका दुपारी सगळी थकीत बिले एकत्र आणली. तेलाचे डाग पडलेली बिलबुके, वहीतून फाडलेली पाने, मोबाईलमधले फोटो, सगळे सतरंजीवर मांडले. तेव्हा दिसले की निम्म्याहून अधिक चलनांवर माल घेणाऱ्याची सही नव्हती, आणि कित्येकांवर तारीखही नव्हती. माल कधी मिळाला हेच सिद्ध होत नसेल तर पंचेचाळीस दिवस मोजायचे कोठून? त्या दिवसापासून त्यांनी एक तक्ता ठेवला: माल काय, कोणाला, कोणत्या तारखेला, किती रुपयांचा, सही कोणाची. पुढच्या भेटीला तेवढा एकच कागद नेला आणि त्या भेटीत चर्चा केवळ थकबाकीवर झाली. मी स्वतः कोणत्याही शिष्टमंडळासोबत जाताना एकाच मागणीचा आग्रह धरतो, आणि ‘पहिल्यांदाच भेट मिळाली आहे, सगळेच सांगून टाकू’ म्हणणाऱ्यांना आदल्या दिवशीच थांबवतो. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे होणारी ‘उद्यम’ नोंदणी मात्र माल देण्याच्या आधी झालेली असावी. नंतर केलेल्या नोंदणीवर वाद उभा राहतो.

चुकीच्या दारात उभे राहणे

कराचे दर जिल्हाधिकारी ठरवत नाहीत, ते वस्तू व सेवा कर परिषदेत ठरतात. सार्वजनिक खरेदीचेही तसेच आहे. केंद्राच्या २०१२ च्या, पुढे सुधारलेल्या आदेशानुसार केंद्रीय मंत्रालये आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते, आणि त्यातील ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी असते. हा आदेश जिल्हा परिषदेसमोर वाचून उपयोग नाही. तो मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाला किंवा एनटीपीसीच्या सोलापूर प्रकल्पाला दाखवावा.

बोलणारे ठरलेले, ऐकणारे ठरलेले

आपल्या शहरात संघाचा आवाज एकाच भाषेत निघू शकत नाही. पूर्व भागातील कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडील बायका कन्नड बोलतात, आणि बैठक मात्र सात रस्त्याजवळच्या एखाद्या सभागृहात, सकाळी अकराला, भाषणाच्या मराठीत होते. अशाच एका बैठकीत शिलाई केंद्राच्या बायका शेवटपर्यंत गप्प बसल्या आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असे लिहिले गेले. नंतर त्यांच्यापैकी एका अक्कांशी कोणीतरी तेलुगूत बोलले, तेव्हा कळले की ठराव झालेल्या कर्जयोजनेशी त्यांना काहीच कर्तव्य नव्हते. शिवलेल्या कपड्यांचे मोजमाप त्यांच्यासमोर होत नाही आणि नापास ठरवलेल्या नगांचे पैसे कापले जातात, ही त्यांची खरी तक्रार होती. विडीच्या कारखान्यातील छाटीचा, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या बाजूला काढण्याचा, अनुभव ज्यांच्या घरात आहे, त्यांना ही कपात नवी नव्हती. संघात तरी ती नसेल अशी त्यांची अपेक्षा होती. एवढी मोठी गोष्ट ‘सर्वानुमते’ या एका शब्दाखाली दबून गेली होती.

तेव्हापासून मी इतिवृत्तात कोण बोलले हे लिहितोच, शिवाय कोण बोलले नाही तेही वेगळ्या रकान्यात लिहितो, आणि पुढच्या बैठकीआधी त्यांच्याकडे कोणी जायचे ते तेथेच ठरवून घेतो. बैठक आळीपाळीने साखर पेठेत, कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात किंवा तालुक्याच्या गावी घ्यावी. कारखान्यात तयार विडी देऊन नवे पान-तंबाखू आणण्याच्या वेळेला बैठक ठेवू नये. यात वेळ जातो, आणि वेळ जातो म्हणून कुरकुर करणारे प्रवर्तकच पुढे ‘सदस्य येत नाहीत’ अशी तक्रार करतात.

दयेच्या भाषेत विक्री

‘गरीब महिलांना मदत म्हणून घ्या’ असे सांगून एकदाच माल खपतो. गुणवत्ता आणि भाव आधी सांगा, आणि त्याच्या शेजारी मजुरी किती व कोणत्या तारखेला दिली जाते ते सांगा.

कोणालाही सदस्य करून घेणे

संख्या वाढावी म्हणून, मजुरीची नोंदवही दाखवायला नकार देणाऱ्या उद्योगालाही काही संघ आत घेतात. ‘सामाजिक’ हा शब्द फलकावर लावून बायकांना ठरल्यापेक्षा कमी मजुरी देणारा एक सदस्य उघडकीस आला की बाकी सर्वांची पत त्याच्याबरोबर जाते. प्रवेशाआधी मजुरी पत्रक पाहावे, आणि तेही कारागिरांच्या समोर.

उरलेल्या लहान चुका

सगळा खर्च एकाच देणगीदाराकडून घेऊ नका. वर्गणी लहान असली तरी प्रत्येकाकडून घ्या. मतदान उलाढालीवर ठेवू नका. सहकारी संस्थेप्रमाणे एका सदस्याला एक मत ठेवा. संघाच्या भेटीत स्वतःच्या उद्योगाचे वेगळे पाकीट पुढे सरकवणाऱ्या सदस्याला पुढच्या शिष्टमंडळात घेऊ नका. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका, आणि ती प्रत अध्यक्षांच्या घरी न ठेवता सर्व सदस्यांना पाहता येईल अशा फाईलमध्ये लावा.