टाच दुखते? एक पायरी आणि एक पंचा

सकाळी पहिलं पाऊल टेकलं की टाचेत कळ, चार पावलं चालल्यावर जरा बरं, आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार करून आलं की पुन्हा ठणका. अशा टाचदुखीवर हे करून बघा.

1. पंचा घट्ट गुंडाळून पायरीच्या कडेवर ठेवा. पायाची बोटं त्यावर, वर वळतील अशी. टाच पायरीबाहेर.
2. कठडा धरून एकाच पायावर टाच उचला: 3 सेकंद वर जायला, 2 सेकंद तिथेच, 3 सेकंद खाली यायला.
3. 12 वेळा, थोडं थांबून आणखी दोनदा तसंच. दिवसाआड, रोज नको.

सगळी गंमत पंच्यात आहे. बोटं वळली की टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा जाड पट्टा ताणला जातो. सोपं वाटू लागलं की पाठीवर पुस्तकांची पिशवी घ्या. डेन्मार्कमधल्या अभ्यासात 3 महिन्यांनी हा व्यायाम नुसत्या ताणण्यापेक्षा सरस ठरला. वर्षभराने दोन्ही सारखेच, पण तोवर कळ काढायची कुणी?

पावसात अंगणाकडच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर मात्र नको, शेवाळाने पाय सटकतो. टाच सुजली असेल, मुंग्या येत असतील किंवा रात्री पडल्यापडल्याही दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.